दुर्बिणीतलं कुंकू

२९ सप्टेंबर २००३, सोमवार

आणखी एक! साहेबांनी आज पेटीतून जुन्या रायफलीची दुर्बीण काढून माझ्या टेबलावर ठेवली. "शीतल, ही शेवटची." मागची पण शेवटचीच होती. तिच्या आधीचीसुद्धा.

मुरबाडच्या कंपनीने तेरा तारखेला बोलावलंय, फिटर म्हणून. आयटीआयला दोन वर्षं हात काळे केले ते याचसाठी. पण साहेबांना महायुद्धातल्या रायफली भिंतीवर टांगायचा नाद. सगळ्या कायमच्या बंद केलेल्या. स्वतः कधी फौजेत नव्हते! रायफलीवर दुर्बीण हवी, दुर्बिणीला धरायला रिंगा हव्यात, आणि रिंगा बसवायला मी.

३० सप्टेंबर

बाबांना म्हटलं, तुम्हीच सांगा ना साहेबांना, मी जाणार म्हणून. बाबा या बंगल्याचे वॉचमन. गेटकडे बघत म्हणाले, "त्यांच्या खोलीत राहतो आमी. नाय कसं म्हणू गो?"

 राग येतो. बाबांचा नाही, या मागच्या खोलीचा.

३ ऑक्टोबर

या दुर्बिणीच्या रिंगा अखंड आहेत. मागची काच उघडून नळीवरून सरकवाव्या लागतात. पहिली बसली. दुसरी अडते. आतून जरा घासायची, घालून बघायची, काढायची, परत घासायची. जोर लावला तर नळी चेपायची. संध्याकाळी कंटाळून तशीच उघडी ठेवली, वर फडकं टाकलं.

४ ऑक्टोबर

खंडेनवमी. उठून बघते तर आईने माझी सगळी हत्यारं पाटावर मांडलेली — पाने, कानशी, हातोडी. आणि मधोमध साहेबांची दुर्बीण! हळद-कुंकू, झेंडूचं फूल, सगळं यथासांग. "तेपन हत्यारच ना?" म्हणाली.

आता दसरा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. साहेब दोनदा खिडकीतून डोकावून गेले. त्यांना बघितलं की आई पदर ओढून आत जाते, इतक्या वर्षांत एक शब्द बोललेली नाही. मी मात्र दिवसभर रिकामी बसले. फार बरं वाटलं.

६ ऑक्टोबर

रिंगा बसल्या, काच लावली. आंब्याला ओळंबा टांगून आतली नेम धरायची उभी रेघ त्याच्याशी जुळवली, आणि तेव्हा दिसलं. रेघेला चिकटलेला लाल ठिपका. कुंकू आत गेलंय!

उघडून फुंकर मारली तर निघेल. मी नाही काढलं. साहेब भडकतील, जा म्हणतील. त्यांनीच जा म्हटलं तर बाबांना तोंड उघडावं लागणार नाही.

पण आम्हा तिघांनाही जा म्हटलं तर? हे आत्ता, लिहिताना सुचतंय.

७ ऑक्टोबर

दिली नाही अजून. फडक्यात गुंडाळून टेबलाखाली ठेवलीय.

८ ऑक्टोबर

दिली. साहेब बराच वेळ डोळा लावून उभे. "हे लाल काय आहे?"

"कुंकू. खंडेनवमीचं."

आणि ते हसायला लागले! "शीतल, अशी दुर्बीण कुणाकडेच नसेल. बाकीच्या पण उघड. सगळ्यांत असंच पाहिजे मला."

भिंत भरून दुर्बिणी आहेत. पळायला वाट काढली आणि मीच ती बुजवली. रडू आलं, मोरीत जाऊन रडले.

९ ऑक्टोबर

बाबा सांगतात, "साहेब लय खूश हायेत तुझ्यावर." मी जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आई आज माझ्या टेबलाशी येऊन बसली. "ती मागची काच कशी उघडते, दाव." मला वाटलं, माझं मन रमवतेय. दाखवलं. पाना दोनदा घसरला तिचा. बोट सोललं, तरी उठेना. मग उघडली.

कंपनीचा विषय आता कुणीच काढत नाही.

१३ ऑक्टोबर

कंपनीच्या बसमधून लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळी आई साहेबांपुढे जाऊन उभी राहिली, पदर न ओढता. "कुंकू मी लावलंय. तिचा हात नाय त्यात. बाकीच्यांना पन मीच लावीन. पोरीला जाव द्या."

सापगावच्या फाट्यापर्यंत बाबा आले. आई आली नाही. ती माझ्या टेबलाशी बसली होती, पहिली दुर्बीण उघडत.