व्याह्यांची भूक

प्रिय मावशीस,

वाकून नमस्कार. (खरोखरचं वाकवत नाही, पण पत्रात वाकायला काय जातं!) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं घोरणं शेजाऱ्यांना अजून सोसतंय ना?

पत्रास कारण आमचे होणारे व्याही. न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले, पण सवय काही सुटलेली नाही. आमच्या लेकीच्या लग्नाची तारीख विचारली की पोटावर हात ठेवत आणि डोळे मिटून सांगत, "आधी हे ताळ्यावर येऊ दे." की झाली सुनावणी तहकूब! पातळ सूपसुद्धा त्यांना पचायचं नाही. लेक तर सुकून चालली होती.

आता औषधांच्या दुकानात माझा जन्म गेला, मी गप्प कसा बसणार? काडेचिराईत, संत्र्याची साल आणि दालचिनी कडक मद्यात भिजत घातली, मुरल्यावर गाळली आणि अर्क बाटलीत भरला. कडू जिभेला लागलं की तोंडाला पाणी सुटतं आणि झोपलेलं पोट उठून बसतं. म्हणून जेवणाआधी सोड्यात चार थेंब घ्यायचे. चारच. (हे मी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं की ही म्हणाली, तुमच्या अर्कापेक्षा तुमचं व्याख्यान कडू आहे.)

रविवारी व्याही मंडळी आली. मी ऐटीत सोड्याच्या तांब्यावर बाटली तिरकी केली आणि बूच निसटलं. अख्खी बाटली बदाबदा तांब्यात! मी तोंड उघडेपर्यंत हिनं पेले भरून वाटलेसुद्धा. पाहुणेच ते, भिडेखातर प्यायले. विहीणबाईंचा एक डोळा मिटला, तो अजून पुरता उघडलेला नाही. जावईबापू "छान आहे" म्हणाले आणि खुर्चीचा हात उपटून त्यांच्या हातात आला. व्याह्यांनी मात्र पेला रिकामा केला आणि ते स्वस्थ बसून राहिले. मग वरच्या मजल्यावर कुणी कपाट ओढावं तसा आवाज आला. आम्ही सगळे वर बघू लागलो. आवाज व्याह्यांच्या पोटातून आला होता.

"जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.

सूप गेलं, भात गेला, लेकीनं केलेला केक गेला, केकखालचा कागदही गेला. ते कोपऱ्यातल्या काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशांकडे टक लावून बघायला लागले, तेव्हा हिनं भांडं उचलून आत नेलं. ती वेळ साधून मी भीतभीत तारखेचं विचारलं.

"उद्याच!" ते गरजले. "लग्नात जेवण असतं ना?"

लेक रडली, मीही रडलो. (कांदे केव्हाच संपले होते, तेव्हा हे रडणं अस्सल.)

तुझा,
भाचा

ता. क. : लग्न समजुतीनं पुढच्या रविवारवर ढकललं आहे. दोघांनी नक्की या.

पुन्हा ता. क. : व्याही तेव्हापासून आमच्याकडेच मुक्कामाला आहेत. तुझं स्वयंपाकघर मोठं आणि हात सढळ, म्हणून लग्नापर्यंत त्यांना तुझ्याकडे धाडतो आहे. हे पत्र त्यांच्याच हाती दिलं आहे. म्हणजे तू हे वाचतेस, तोवर ते आत गेले असतील. धाव!