कधीही, कारण न सांगता

३ ऑक्टोबर
पोहोचले. नारीन शहरापासून चार तासांचा रस्ता, पण खोली उबदार आहे आणि खिडकीतून बर्फाची शिखरं दिसतात. दवाखान्याची स्वयंपाकीण तुर्सुन, जिला सगळे एजे म्हणजे ताई म्हणतात, हिने येताच गरम नान आणि साय पुढे केली. माझी थोरली बहीण बुरुल याच गावात दिलेली. वसंतात गेली. तिच्या कबरीजवळ राहता येईल म्हणून ही कारकुनी घेतली. काम सोपं आहे. नव्या औषधाची चाचणी चालू आहे, गावातली एकसष्ट माणसं दर गुरुवारी येतात, त्यांची वजनं लिहायची.

५ ऑक्टोबर
संमतीचे कागद लावले. बुरुलची सही सापडली. एजे हसत म्हणाली, डॉक्टर कुबात घरोघरी आधी नान मोडून खायचे, मग कागद पुढे करायचे. "भाकर खाल्लेल्या पाहुण्याला नाही म्हणणारा किर्गीझ अजून जन्मायचाय, पोरी!"
मूळ रशियन कागदावर एक वाक्य आहे: सहभागी व्यक्ती कधीही, कारण न सांगता, बाहेर पडू शकते. किर्गीझ कागदावर ते नाही. डॉक्टर म्हणाले, टाइप करताना राहिलं असेल.

१० ऑक्टोबर, गुरुवार
एजे दर गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळते. वास त्यांच्यापर्यंत पोहोचतो म्हणतात. दुपारी एकसष्ट वजनं घेतली. नऊ जणांच्या वेळी काटा हललाच नाही. त्यातल्या एका बाईने रुमाल तोंडावर ओढलेला होता. काटा बिघडलाय, असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मागच्या आठवड्याचं वजन लिहा.

११ ऑक्टोबर
बुरुलच्या कबरीवर गेले. शेजारी आठ नव्या कबरी. नावं ओळखीची वाटली. कालच लिहिली होती.
परत येऊन काट्यावर पिठाचं पोतं ठेवलं. पन्नास किलो, बरोबर.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
भर दुपारी. रुमालवालीने सुईसाठी हात पुढे केला. मनगटावर तंदूरमध्ये भाजल्याचा डाग. लहानपणी मीच बुरुलला ढकललं होतं.
म्हणाली, "सही केलीय ना मी, सैकाल. न येऊन कसं चालेल?"

१८ ऑक्टोबर
डॉक्टरांना सांगितलं. दचकलेसुद्धा नाहीत. "दर गुरुवारी येतात ना? मग मेले कसे?" अहवालात एकही मृत्यू नाही आणि नसणार.
मग त्यांनी माझ्या ताटातला नान मोडून खाल्ला. कागद पुढे सरकवला. क्रमांक बासष्ट.
सही केली नाही. नाही म्हणणारी जन्मली आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
दार आतून लावलंय. तेलाचा वास — ते नऊ रांगेत आहेत. राहिलेलं वाक्य आपल्या भाषेत एकेकाला वाचून दाखवतेय. तुर्दाकुन आजोबांनी टोपी नीट केली आणि गेले, भिंतीतून — तीन गेले — सहा —
डॉक्टर दार ठोकताहेत. कुऱ्हाड आणा म्हणताहेत.
आठ.
बुरुल जात नाही. दोनदा वाचलं. म्हणते, कधीही म्हणजे मी ठरवेन तेव्हा ना? मग आत्ता नाही. दाराला पाठ लावून उभी आहे. ते ढकलताहेत, दार हलत नाही —
वजनांची वही माझ्याकडे आहे. खोटी वजनं खोडली. नऊ नावांपुढे शाईने लिहितेय —
मयत. मयत. मयत. मय