अनवाणी ठमाबाई

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचा. ठमाबाईचे चारही नाल काढले. पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती. खुराची कड ढिसूळ झालीय, म्हणून डॉक्टर म्हणाले आता खिळे नकोत, घोडीला अनवाणीच राहू दे. इथल्या घोडेस्वारी शाळेच्या मालकीणबाईंनी मे अखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर शिकाऊ मुलांना पाठीवर घेऊन खडीवर चालली तर ठीक, नाहीतर तिला विकणार. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

चाळीस वर्षं नालबंदी केलेल्या माणसाला हे रुचणार नाही, ठाऊक आहे. रागावलात तरी उत्तर पाठवा.

तुमची
ताई

२० जानेवारी

चि. कारटीस,
अनेक आशीर्वाद (नाइलाजाने).

डॉक्टरांना म्हणावं, आधी तुम्ही बूट काढून खडीवर चालून दाखवा! डिसेंबरात मी स्वतः येऊन नाल ठोकले आणि महिन्याभरात खूर ढिसूळ? माझा खिळा आजवर एकाही जनावराला लागलेला नाही. तुझी आई म्हणते, पोरीला बोलू नका. बोलत नाहीये, लिहितोय.

मे महिन्यात हत्यारं घेऊन येतो आणि नाल परत ठोकतो. तोवर तिला ओल्यात बांधू नकोस. आणि जेव.

तुझा तापट
बाप

८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला दाखवून द्यायच्या नादात मी घाई केली. तिसऱ्याच आठवड्यात तिला खडीवर नेलं. अर्ध्या वाटेत बाईसाहेब थांबल्या, पाऊल टाकेनात. शेवटी दोन गोणपाटं आळीपाळीने पुढे अंथरत, पाहुणीसारखं घरी आणलं. हसा खुशाल.

आता रोज अर्धा तास वाळूत, मग गवतावर. काल आपणहून खडीवर दहा पावलं चालली. मी मोठ्याने मोजली. तुम्ही जरूर या, पण हातोडा घरी ठेवा.

आईला नमस्कार, तुम्हाला थोडा जास्त.
ताई

१६ मे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तोंडाने जमलं नाही म्हणून लिहितो.

परवा तू चहा करायला गेलीस तेव्हा मी कातडी एप्रन बांधला, हातोडा काढला. एप्रन बघताच ठमाबाईने सवयीने पुढचा डावा पाय उचलून दिला. मांडीवर खूर घेतला, चष्मा लावला. खिळ्यांची जुनी भोकं वाढीबरोबर पार कडेला उतरली होती. एकच भोक अर्धं बोट वर राहिलं होतं, आत वळलेलं, भोवती काळा डाग. कड ढिसूळ नव्हतीच गं. माझाच खिळा तिच्या जिवंत मांसात गेला होता.

माझा हात कापतो, हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तुला जानेवारीतच कळलं होतं. आणि तू चार महिने माझी बोलणी खाल्लीस! हातोडा पिशवीत टाकला, कानशीने कड गोल केली आणि चहाला आलो.

काल ती पोराला घेऊन सबंध खडी चालून गेली आणि मालकीणबाई राहू दे म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांत धूळ गेली नव्हती, मी रडत होतो.

हत्यारांची पिशवी तुझ्या खुंटीवर आहे. विसरलेलो नाही, ठेवून आलोय. कानस तेवढी वापर.

यापुढेही माझ्याशी खोटं बोलायची वेळ आली, तर असंच बोल.

तुझा
बाप