रवाल चालीची लाल सायकल

हा-लेकोरो,
४ ऑक्टोबर

चि. खोआबानेस ताईचे अ. आ.

पत्रास कारण की, मला सायकल हवी आहे. हसून घे. हसून झालं की पुढे वाच.

आपला घोडा चोरांनी नेला त्याला हिवाळा उलटला, तो काही आता सापडायचा नाही. इकडे लोकर संघाला वरच्या मेंढवाड्यावर लस पोचवायला बारमाही माणूस हवा आहे. बर्फाच्या डब्यातून लस न्यायची, बर्फ वितळायच्या आत वर पोचायचं, मेंढ्यांना टोचून रिकामा डबा घेऊन खाली यायचं, कारण लसीची गाडी कुणासाठी थांबत नाही. मला टोचता येतं, म्हणून मी सभेत उभी राहिले. तर लेबाजोआ उठला. तोच, ज्याच्या टोपीची उंची त्याच्या अकलेपेक्षा जास्त आहे. सगळ्यांसमोर म्हणाला की जिच्या दारात घोडा नाही तिने चुलीपाशी बसावं, हे काम तो आपल्या तांबड्या घोड्यावरून करील. माझं डोकं फिरलं. मी सांगून टाकलं की मी सायकलवरून जाईन. सभा हसून हसून लोळायची बाकी राहिली.

शेवटी अध्यक्षांनी ठरवलं की पुढच्या महिन्यात लस येईल त्या दिवशी आम्ही दोघांनी एकेक डबा घेऊन निघायचं. बर्फ शाबूत ठेवून वर पोचेल आणि आधी परत येईल, काम त्याचं. माझं नाही झालं तर मला सरहद्दीपलीकडच्या मळ्यांत शतावरी खुडायला जावं लागेल, आणि लिपोलेलोला कुणाच्या तरी दारात ठेवावं लागेल. आई जिवंत असताना पोर परक्याच्या ताटातला मक्याचा पापा खाणार, हे मला सहन व्हायचं नाही.

तुझ्या मासेरूत शर्यतीला आलेले गोरे जाताना डोंगरी सायकली विकून जातात म्हणे. टॅक्सीअड्ड्यावर त्या सायकलींचं दुकान आहे. बकऱ्यांची मोहेर लोकर विकून आलेले पैसे टॅक्सीवाल्याकडे दिले आहेत. सायकल चढणारी हवी, आणि उतारावर मला तोंडघशी न पाडणारी. फार उड्या मारायच्या नाहीत मला, धड घरी यायचं आहे. रंग बघून भुलू नकोस.

आशीर्वाद सध्या अर्धाच देते, उरलेला सायकल बघून.

तुझी,
पुसेलेत्सोताई

*

मासेरू,
१३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र कारखान्यात वाचलं आणि मान खाली घालून बसलो. आपल्या घरातली बाई सायकलवर! बाबा असते तर त्यांनी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं असतं. पण तू ऐकणार थोडीच.

दुकानात गेलो. एक सायकल काडीसारख्या टायरांची होती, ती मी हातही न लावता नाकारली. दुसरी राखाडी, सगळीकडे ओरखडे, पुढे शॉकअप आणि मागे नुसती ताठ दांडी. दुकानदाराने मला तिच्यावर बसवून अंगणभर ढकललं तर माझ्या दाढा हलल्या. तिसरी मात्र लाल. पुढे शॉकअप, मागेही शॉकअप. दुकानदार तिच्यावरून चर्चच्या पायऱ्या उतरून आला तरी जागचा हलला नाही. ताई, ही सायकल रवाल चालते! आपण रवाल घोड्याला दुप्पट किंमत का देतो? हातात जोआला बिअरचं मडकं धरलं तरी सांडत नाही, म्हणून. घोड्याची पारख मी बाबांकडून शिकलोय, सायकलीत काय मोठं वेगळं असणार? त्यात तुझी पाठ तशी, लिपोलेलोच्या वेळेपासून दुखरी. लाल घेतली, टॅक्सीच्या टपावर चढवली.

बाबांचं खोगीर भिंतीवर सुखरूप आहे. दर रविवारी तेल लावतो.

उरलेला आशीर्वाद परतीच्या टॅक्सीने धाडावा.

तुझा,
खोआबाने

*

हा-लेकोरो,
२६ ऑक्टोबर

चि. खोआबानेस,

आशीर्वाद वगैरे काही नाही.

अरे दीडशहाण्या, तुला सायकल चालवता तरी येते का? येत नाही. दुसऱ्याला चालवायला लावलीस, आणि तीसुद्धा पायऱ्या उतरायला! चढवून बघायचं एकदाही सुचलं नाही? मी हिला झऱ्यापर्यंत चढवायला गेले. पायडल दाबलं की ही खाली बसते, सोडलं की वर येते. माझ्या पायातला सगळा जोर हिच्या स्प्रिंगा खातात. वजन म्हणशील तर गाभण मेंढीएवढं. अर्ध्या वाटेत माझी जीभ बाहेर आली. लेबाजोआ कुंपणावर बसून सगळं बघत होता. म्हणाला की सायकल मोठी नम्र आहे, प्रत्येक पावलाला वाकून नमस्कार करते. तो हसला याचं मला दुःख नाही. तो खरं बोलला, याचं आहे.

उतरताना मजा येते हे खोटं कशाला सांगू? पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. पण आधी चढायचं असतं, मग उतरायचं. आमच्याकडचे डोंगर असेच आहेत. घोडा स्वतःच्या पायांनी चढतो म्हणून त्याची चाल बघायची. सायकल माझ्या पायांनी चढणार आहे, एवढंही तुझ्या डोक्यात शिरलं नाही?

लाल परत पाठवते आहे. ती राखाडी घे. पुढचं दातेरी चक्र लहान आणि मागचं मोठं आहे ना ते बघ, त्यावरच चढ निघतो. दांडीच्या सांध्यांना तडा नको. चाक फिरवून बघ, डुलता कामा नये. सीट कळ ढिली करून खाली घेता आली पाहिजे, उतारावर मला मागे आणि खाली बसायला लागतं. आणि ज्याला चालवता येतं अशा कुणाला तरी पाठीवर मक्याच्या पिठाची गोणी देऊन चढावर पाठव. माझ्या पाठीची काळजी माझी पाठ करील.

घोडा नाही, दारात गवताची काडी नाही, आणि हा दर रविवारी खोगीर चोळत बसतो. तेवढं तेल सायकलीच्या चेनला लाव.

रागावलेली,
ताई

*

मासेरू,
५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

राखाडी पाठवली आहे. दुकानदार मोठा भला माणूस, तक्रार न करता हसत हसत बदलून दिली. त्याबद्दल जास्त विचारत बसू नकोस. तू सांगितलंस ते सगळं तपासलं. कारखान्यातला एकजण गोणी घेऊन राजवाड्यामागच्या टेकडीवर चढला, आणि खाली येऊन म्हणाला की सायकल टणक आहे पण प्रामाणिक आहे. चेनला तेल लावलं आहे.

हरलीस तर मला कळवू नकोस. जिंकलीस तर लगेच कळव.

तुझा,
खोआबाने

*

हा-लेकोरो,
२१ नोव्हेंबर

चि. खोआबानेस,

काम माझं झालं. लिपोलेलो माझ्याजवळ राहणार. हे आधी सांगितलं, कारण पुढे मी तुला शिव्या देणार आहे.

लस आली त्या सकाळी मी डबा पाठीला बांधून उभी होते. लेबाजोआ ऐटीत आला. आणि मला काय दिसलं? तांबड्या घोड्यावर आपल्या बाबांचं खोगीर! डाव्या बाजूला आईने घातलेला निळा टाका मला काय ओळखू येणार नाही? तो मोठ्याने सगळ्यांना सांगत होता की मासेरूच्या टॅक्सीअड्ड्यावर, जुन्या सायकलींच्या दुकानात टांगलेलं होतं, कुणा मूर्खाने सायकलीच्या बदल्यात देऊन टाकलं म्हणे.

भला माणूस, हसत हसत बदलून दिली! मेल्या, तुला साधं खोटंही धड बोलता येत नाही. मला रडू आलं. रडत रडत चढावर पायडल मारून बघ कधी, म्हणजे कळेल. राखाडी मात्र चढली. दोन ठिकाणी उतरून ढकलली, कबूल करते. घोडा माझ्या आधी वर पोचला होता, पण माझा बर्फही शाबूत होता. मी टोचून घेतलं, सीट खाली केली आणि निघाले. दगडांच्या घसरणीवर लेबाजोआ खाली उतरून, लगाम धरून, पाऊल चाचपत चालला होता. तिथे सगळेच घोडेवाले तसेच उतरतात. मी ब्रेकवर बोटं ठेवून त्याच्या शेजारून गेले. दात वाजले, पाठ ठणकली. गाडी उभीच होती.

आता नीट ऐक. संध्याकाळी लेबाजोआ दारात आला. घोडा विकायचा नाही पण सायकलही हवी, कुठली घेऊ, असं मलाच विचारत होता. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. लाल सायकल आहे म्हटलं, अंग जरासुद्धा हलत नाही, अगदी रवाल चाल. ती वाकताना त्याने पाहिली होतीच, पण तो दोष बाईच्या पायांचा म्हणाला. पैशांची अडचण असेल तर दुकानदार खोगीरही घेतो, हेही सांगितलं. तो शनिवारी येतो आहे. तू सकाळपासून दुकानासमोर बस. पहिला पगार या पत्रासोबत आहे. खोगीर खुंटीला टांगलं जायच्या आत उचल.

उरलेला अर्धा आशीर्वाद, आणि वर थोडा जास्तीचा.

तुझी,
ताई

*

मासेरू,
३० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोगीर भिंतीवर आहे. दुकानदाराने ते तिसऱ्यांदा हाताळलं आणि मला विचारलं की तुमच्या डोंगरात सायकली खोगिरांवर पिकतात का.

शहरी कपड्यांत लेबाजोआने मला ओळखलं नाही. उलट माझंच मत विचारलं, माणूस घोड्यांचा जाणकार दिसतो म्हणाला. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की एकेकाळी मीच ही लाल पसंत केली होती. तेही खोटं नाही.

ताई, खोगीर दिलं त्या रात्री भिंत बघवेना म्हणून मी खोलीत तोंड फिरवून झोपलो. तू मात्र पोरीला सोडून शतावरी खुडायला गेली असतीस, तर मला कुठलीच भिंत बघवली नसती. ते मला लिहिता आलं नाही, म्हणून दुकानदाराला भला केला.

नाताळच्या सुट्टीत येतो. खोगीर घेऊन येतो, ते तुझ्या दारात राहू दे, घोडा येईल तेव्हा येईल. आणि मला राखाडीवर बसायला शिकव. पडलो तर हस, पण लेबाजोआ कुंपणावर नसताना शिकव.

लोभ होता तेवढाच ठेव, त्यातच फार त्रास झाला.

तुझा,
खोआबाने