चांदभाईंचा गुडघा

५ नोव्हेंबर, बुधवार

अमरापूरला आज तिघींनी विचारलं, चांदभाईंचा गुडघा कसा आहे. तिघींना सांगितलं — बरा आहे, पण अजून धारेच्या चाकावर बसवत नाही.

ते जाऊन आता नऊ महिने होतील. रमजानच्या आधी गेले. इद्दत — नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस — होती तोवर मी घराबाहेर पडले नाही. ती संपली तेव्हा जूनमध्ये स्कूटी काढली आणि अमरापूरला गेले. धार लावायला आणलेल्या लोकांच्या सुऱ्या त्यांच्याकडे राहिल्या होत्या, त्या परत द्यायच्या होत्या. छबूबाई — लग्नांत स्वयंपाकाची कामं घेते ती — दारात भांडी घासत होती. वर न बघताच म्हणाली, "आलात व्हय, भाभी? कसं हाय घरी?"

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. निघालं ते असं — गुडघा दुखतोय त्यांचा.

मग फाट्यावर भाजी विकणाऱ्या बायडाबाईला तेच सांगितलं. मग सगळ्यांना तेच. आता मीच सुऱ्या घरी आणते, मोटारवर धार लावते आणि पुढच्या बुधवारी नेऊन देते. शेवगावात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत मला बघून बायका आवाज बारीक करतात. अमरापूरला तसं नाही. तिथे ते अजून आहेत, पाय लांब करून घरी बसलेत. तिथून निघताना वाटतं, आपल्या घरी कोणीतरी आहे.

बायडाबाईनं आज निर्गुडीचा पाला दिला. "गरम करून बांध. रोज बांध, इसरू नगंस." पिशवी घेऊन गाडीवर चढताना माझाच पाय कळवळला. पाला मांडणीवर ठेवलाय.

घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार आहे आणि चिरायला एक कांदा.

७ नोव्हेंबर

कोणी आलं नाही. वाचनालयातून आणलेलं पुस्तक संपलं. काही काम नसताना मोटार लावली — आवाज तरी झाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज धार लावलेल्या सुऱ्या परत द्यायला निघाले.

फाट्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. निवडणूक आहे, आचारसंहिता आहे. माझ्यासारख्या बाईला कोण अडवतंय म्हणून मी सरळ निघाले होते. हवालदारानं काठी आडवी धरली. आदिनाथ नाव त्याचं, बरोबरची शिपाई मुलगी 'आदिनाथ सर' म्हणत होती.

"पायाशी गोणीत काय हाय, मावशी?"

"सुऱ्या."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. मग गोणीचं तोंड सोडलं आणि त्याचं हसू गेलं. सुऱ्या, विळ्यांची पाती, छबूबाईचे लग्नातले मोठे सुरे, बायडाबाईच्या मुलाचा ऊस तोडायचा कोयता.

"कोयता पण! गँग चालवता काय?"

"धारेचा धंदा आहे, साहेब."

"दाखवा एकेक. द्या हिकडं."

मी सुरी कागदातून काढली आणि त्याच्यासमोर रस्त्यावर ठेवली. तो हात पुढे करून उभाच.

"हातात द्या की."

"हातात देत नाहीत. खाली ठेवते, तुम्ही उचला."

"का?"

"भांडण होतं."

"भांडण तर आता हुनारच हाय," म्हणाला. शिपाई मुलगी — सविता — म्हणाली, "माझी आई पण हातात देत नाही, सर." त्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती मागे सरकली.

मग त्यानं स्वतःच सगळं उपसलं. कागद वाऱ्यावर उडाले, काही रस्त्यापलीकडे शेतात गेले. मला त्या कागदांचंच वाईट वाटलं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. वाचायला खरी शिकले ती या रद्दीवर. चांदभाई सुऱ्या गुंडाळायला जुने पेपर आणायचे आणि मी एकेक अक्षर लावत बसायचे. एखाद्या सुरीचं गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी म्हणायचे, आधी वाचून घे, मग गुंडाळू.

"धंदा कुणाच्या नावावर?"

"मालकांच्या."

"कुठंयत मालक?"

इथे खरं सांगायला हवं होतं. समोर पोलीस उभा होता, छबूबाई नव्हती. पण ते वाक्य आता माझी वाट बघत नाही.

"घरी आहेत. गुडघा दुखतोय."

"मग त्यांना घेऊन ठाण्यात या. ज्यांच्या सुऱ्या हायत, त्यांनापन आना. तवर यातलं काय बी मिळनार न्हाई. न्हाई आला तर केस करून कोर्टात पाठवीन."

गोणी त्यांच्या गाडीत गेली. मोकळी स्कूटी घेऊन घरी आले. हलकी गाडी मला चालवता येत नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फैयाजचा पुण्याहून फोन आला. सांगायचं नव्हतं, सांगितलं.

"अम्मी, जाऊ दे ना त्या सुऱ्या. दुसऱ्या घेऊन दे त्यांना. ते चाक, मोटार, सगळं भंगारात घाल आणि इकडे ये. फलक पण म्हणते."

फलक मागून खरंच म्हणत होती, या म्हणून. चांगली आहे सून. पण तिथे गेले की मी फक्त फैयाजची अम्मी. तिथे गुडघा कोण विचारणार?

त्याला म्हणाले, लोकांची वस्तू आहे, द्यावी लागेल.

"अब्बांना घेऊन या म्हणाले म्हणजे? तू सांगितलं नाहीस त्यांना?"

मी म्हणाले, गडबडीत राहिलं. त्यानं जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ठाण्यात गेले. एकटी. वाटलं, सकाळी माणूस जरा मऊ असतो.

हवालदार चहा पीत होता. "एकट्याच? मालक?"

"गुडघा..."

"आवं, रिक्षात घालून आना की! मी काय डोंगर चढायला लावतोय का?"

सविता खाली बघत होती. गोणी कपाटाशेजारी होती, तोंडाला सुतळी आणि लाख. छबूबाईच्या सुऱ्याची लाकडी मूठ बाहेर आली होती. तिच्याकडे वीस तारखेचं लग्न आहे. त्या सुऱ्यांशिवाय ती मांडवात काय करणार? आचाऱ्याकडे सुरे नाहीत म्हटल्यावर पुढचं लग्न तिला कोण देणार?

दुपारी तिचा फोन. "भाभी, बुधवारी आला न्हाईत? लगीन जवळ आलंय हो." म्हणाले, देते. "चांदभाईंना पाला बांधताय ना?" म्हणाले, बांधते.

ट्रंक उघडली. नगरपरिषदेचा मृत्यूचा दाखला कपड्यांच्या खाली आहे. हा नेऊन ठेवला की काम होईल. पण ठाण्यात एकटीनं ठेवून भागत नाही. छबूबाई, बायडाबाईंना तिथे यावं लागेल. त्यांच्यासमोर ठेवावा लागेल.

म्हणजे सुऱ्या परत हव्यात तर अमरापुरातूनही ते जाणार.

१५ नोव्हेंबर

दिवसभर काही केलं नाही. दाखला ट्रंकेबाहेर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

अमरापूरला गेले. छबूबाई बायडाबाईच्या भाजीपाशीच बसली होती, बरं झालं. पोलिसांचं सगळं सांगितलं. छबूबाईनं कपाळाला हात लावला.

"माजे सुरे तुरुंगात!"

बायडाबाई म्हणाली, "तुज्यापरीस सुखात असतील. आयतं बसून हायत."

म्हणाले, तुम्ही दोघींनी येऊन आमच्या आहेत म्हणायचं, एवढंच. पोलीस म्हटल्यावर मला वाटलं नाही म्हणतील. बायडाबाईनं मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. "येतो की. त्यात काय. मी जल्मात ठानं बगितलं न्हाई. बगू तरी कसं असतं."

मग विचारलं, "चांदभाई येनार हायत का तितं?"

तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. "बघू," म्हणाले.

घरी येईपर्यंत ठरवत होते, उद्या ठाण्यात जायच्या आधी रस्त्यात दोघींना सांगायचं. वाक्य पण तयार केलं. साधं आहे. तीन शब्दांचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रस्त्यात सांगितलं नाही. त्या जीपनं आल्या, मी ठाण्याच्या दारात उभी होते. बायडाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं — ठाण्याला! छबूबाई म्हणाली, "हिला वाटतंय वरात हाय."

सांगायचं होतं ते तिथेच राहिलं.

हवालदारानं गोणी फोडली. "वळखा आपापलं."

बायडाबाई उकिडवी बसली. "ही माजी."

"कशावरून?"

"मुठीला चिंधी माज्या जुन्या चोळीची. चोळी आनून दाखवू का? पर ती पोरीच्या वाकळंत गेली."

मागचे दोन शिपाई हसले. छबूबाईनं आपले सुरे नुसते वजनावर ओळखले. कोयताही निघाला. मग हवालदार माझ्याकडे वळला.

"आता मालकांची सही. कुठंयत? आज तरी आनलं का?"

पिशवीतून दाखला काढला. त्यानं हात पुढे केला. मी हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

त्यानं वाचला. परत वाचला. खुर्चीत जरा सरळ बसला.

"फेब्रुवारी?" म्हणाला. "मग परवा कुनाचा गुडघा दुखत हुता?"

पंखा फिरत होता. मला पाठीमागे त्या दोघी उभ्या असल्याचं कळत होतं. वळून बघितलं नाही. सवितानं माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणला, तो तिनं मात्र हातात दिला.

हवालदार नंतर वेगळ्याच आवाजात बोलत होता. "आधी सांगायचं ना, चाची." माझी सही घेतली, त्या दोघींचे अंगठे. गोणी स्वतः उचलून बाहेर आणली. म्हणाला, निवडणूक होईपर्यंत एवढं सामान गाडीवर नेऊ नका, आणि नगरपरिषदेचा धंद्याचा दाखला जवळ ठेवा.

बाहेर दोघींनी आपापलं उचललं. छबूबाईनं मला हात लावला दंडाला. जीप लागलीच होती. दोघी बसल्या आणि गेल्या.

एवढे महिने खोटं सांगितलं मी त्यांना. पाला घेतला, तेल घेतलं, एकदा हळदीचा लेप घेतला. त्या काय म्हणत असतील आता!

छबूबाईचं लग्न तरी होईल नीट.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अमरापूरला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

पोलिसांनी ठेवून घेतलं असतं तर सुऱ्या गेल्या असत्या. सोडवल्या, तर चांदभाई गेले. असं उगाच मनात येतं. ते तर केव्हाच गेलेत. तरी आज घर वेगळं रिकामं आहे. आत्तापर्यंत कुठेतरी त्यांची विचारपूस चालू होती.

२२ नोव्हेंबर

फैयाजला म्हणाले, चाकाला गिऱ्हाईक बघ. तो खूश झाला. फोन ठेवल्यावर चाकाला तेल दिलं. विकायची वस्तू चांगली असावी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजही गेले नाही. अकराच्या सुमाराला दार वाजलं. बायडाबाई. डोक्यावर वांग्याचं टोपलं, बरोबर कोणी नाही. माझ्या घरी पहिल्यांदा आली.

टोपलं उतरवलं, घर बघितलं. मांडणीवर पाला दिसला. "ह्यो तसाच? वाळून गेला की."

"कुणाला बांधू?" मी म्हणाले. रागानंच निघालं.

"तुला. तुज्यासाठीच दिल्ता. गाडीवर चढताना रोज कळवळतीस, आमाला दिसत न्हाई व्हय?"

मला कळेना. ती खाली बसली, पाय पसरले.

"चांदभाई गेल्याचं चार दिसात कळलं हुतं आमाला. दुधाच्या गाडीवाल्यानं सांगितलं. तुज्याकडं यायचं चाललं हुतं आमचं, तर छबूच्या घरचं आजारपन निगालं, राहिलं. मग तूच आलीस नि म्हनलीस, गुडगा दुकतोय. छबू माज्याकडं पळत आली, आता काय म्हनायचं? मी म्हनलं, ती गुडगा म्हनती तर गुडगा. इचारत जा रोज. सगळ्या आळीला सांगून ठिवलं."

मी भिंतीला टेकले.

"आता त्या पोलिसानं फोडलंच," ती म्हणाली. "तर आता सांग. कसे गेले?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. पायाखालचं चाक अजून फिरत होतं आणि ते थांबले होते, तिथपासून सांगितलं. सगळं सांगितलं. तिची जीप चुकली.

ती आत वांगी चिरते आहे. "भाभी, सुरीला धार लई झाली गं, बोट जाईल माजं," म्हणते. पाला तव्यावर ठेवलाय तिनं. हाक मारते आहे. एवढंच.