बाटली बंद

१२ मार्च १९८४
बाटली! माणसाच्या मनावर नगरपालिकेचा इलाज – देशीची एक बाटली! गास गावच्या विहिरीतून आमच्या फायरमन प्लासिडने आज म्हातारा काढला. तीन दिवसांचं प्रेत. कातडी सुटून त्याच्या हाताला चिकटली. साहेबांनी रिवाजाप्रमाणे बाटली पुढे केली – "घे, झोप लागेल."

मी बंबाचा ड्रायव्हर, पण युनियनचा सेक्रेटरीही. बंबावर चढलो आणि गरजलो – अंग भाजलं तर डॉक्टर, मन भाजलं तर दारू? टाळ्या पडल्या. प्लासिड मात्र बाटली बगलेत मारून निघून गेला.

१९ मार्च
निवेदन दिलं. वाईट कॉलनंतर दोन दिवस भरपगारी रजा. महिन्यातून एकदा मनाचा डॉक्टर – माणूस कोसळण्याआधी, नंतर नव्हे! बाटली बंद.

साहेब हसले. "वेड्यांचा डॉक्टर, फायर ब्रिगेडला? फार वाचतोस तू, काशिनाथ."
वाचतो! म्हणूनच गप्प बसत नाही.

२ एप्रिल
जिंकलो! बाटली आजपासून बंद. रजा आणि डॉक्टर 'विचाराधीन'.

९ एप्रिल
चंदनसारला चाळ पेटली. प्लासिडने आतून दोन पोरं आणली. पोरं कसली – कोळसा. खाली ठेवेना. तिघांनी मिळून त्याचे हात सोडवले. बाटली नाही, रजा नाही. तसाच घरी गेला.

१० एप्रिल
आज सकाळी प्लासिडने कुऱ्हाडीने स्वतःच्याच घराचं दार फोडलं. "पोरं आत आहेत!" ओरडत होता. पोरं शाळेत होती! दाराआड त्याची बायको बर्था होती. तिचा हात मोडला.

दवाखान्यात मला म्हणाली, "काशिनाथभाऊ, बाटली होती तेव्हा तो निदान झोपायचा. आता तुमचं भाषण पिऊन झोपायचं का त्याने?"

११ एप्रिल
प्लासिडला समजवायला गेलो. "ही व्यवस्था –" एवढंच बोललो. ठोसा! पुढचा दात तुटला, शर्टभर रक्त. "विहिरीत उतरलायस कधी, काश्या?"
नाही. ड्रायव्हरने बंब सोडायचा नसतो.
साहेबांनी त्याला निलंबित केलं.

१४ एप्रिल
दाताच्या खड्ड्यात सारखी जीभ जाते.

१७ एप्रिल
गिरीजला वाडीतल्या बावखलात – बागायतीच्या तळ्यात – बाई बुडालेली. प्लासिड नाही, माणूस कमी. मी उतरलो. केस धरून ओढलं – केसच हातात आले.

परतलो तर स्टेशनच्या गेटवर प्लासिड. माझ्या हातांकडे बघितलं. बंबाच्या पायरीवर जागा करून दिली. "बस. काय पाहिलंस, सांग."
सांगितलं. अडखळत, रडत. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

अकरा वर्षं उतरतोय तो. मी त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं.