या बोटीने येत नाही

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, पिल्लांना पापे. मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

या बोटीने मी येत नाही. बंदराकडे निघालो तेव्हा दंगेखोरांनी आमची बस अडवली आणि तुझ्यामाझ्या रंगाच्या माणसांना ते खाली ओढायला लागले. माझ्या शेजारी एक गोरा म्हातारा शिंपी होता. वाटभर चकार शब्द बोलला नव्हता. त्यांनी माझी कॉलर धरली तसा तो म्हातारा उठला. "हा माझ्या दुकानातला माणूस आहे. आधी मला उतरवा," म्हणाला. सैनिकांची गाडी आली म्हणून ते पांगले, पण तोवर त्याचा उजवा हात मोडला होता.

त्याला सख्खं कुणी नाही आणि आता शेजारीही फिरकत नाहीत. मी त्याच्याच घरी राहतो. त्याला भरवतो, शर्टाची बटणं लावतो. तो मला शिवण शिकवतो आणि माझी शिलाई पाहून कपाळाला हात लावतो, तोही डावा.

इथे आता शांत आहे. आवाज येतात ते लांबून. आईचे गुडघे कसे आहेत?

काल तो म्हणाला, "तू जा. बहीण वाट पाहत असेल."

"तिनेच सांगितलंय, माणसाला अर्ध्यावर सोडू नये," मी म्हटलं. तू असं कधी म्हणाली नाहीस, पण म्हणाली असतीस ना?

त्याने डाव्या हाताने माझं शिवण बाजूला सारलं. मग म्हणाला, "बसमध्ये दुसरी जागा असती, तर मी तुझ्याशेजारी बसलो नसतो."

तुला ताटकळत ठेवणारा,
तुझा धाकटा